तबकडीवरचा साक्षीदार
दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी मी भूमच्या शाळेत इंग्रजी शिकवायला रुजू झाले. त्या उन्हाळ्यात सोसायटीनं विहिरींवरचा माहितीपट मागवला, पण डब्यातून निघाला भलताच सिनेमा. विलायती, काळा-पांढरा, लंडनच्या जॅझ क्लबातल्या खुनाचा. रिकाम्या गोदामाच्या खिडक्यांना पोती लावून भर दुपारी माणसं बसली होती. सुट्टीचा दिवस, दुष्काळी कामावरची खडी फोडायची नव्हती. कुणी उठेना. मग चेअरमननी माझ्या हातात कर्णा दिला आणि मराठीत सांगत चला म्हणाले.

त्या गोऱ्यांचं एक वाक्य मला धड कळत नव्हतं. मी मनानंच रचत गेले. पियानोवाला मेला, पोलिसांनी ट्रम्पेटवाल्याला धरलं, एवढं डोळ्यांना दिसत होतं. पुढं गाडी अडली. शेवटी कर्णा खाली घेतला आणि कबूल केलं, "मला हे कळत नाही."

कुणी हसलं नाही. पुढं बसलेला, लग्नाच्या बँडमधला क्लॅरिनेटवाला उठून माझ्याजवळ आला. लग्नं थांबल्यापासून तोही खडी फोडत होता. ही मंडळी ठरलेलं गाणं वाजवत नाहीत, मनचं वाजवतात, असं त्यानं मला समजावलं. एकजण सांगतो, बाकीचे हुंकार देतात.

पडद्यावर सॅक्सोफोनवाला पोलिसांना बंद दार दाखवत होता. खुनाच्या वेळी तो आत सराव करत होता, साऱ्यांनी ऐकलं होतं, एवढं हातवाऱ्यांवरून कळलं. मग त्यानं आत जाऊन कडी लावली, आणि आतून पुन्हा सूर आले.

"बाई, ह्योच खुनी," क्लॅरिनेटवाला हळूच म्हणाला. "खुनाच्या वेळी वाजलं तेच आता वाजलं, श्वासासकट. मनचं वाजवणारा दोनदा सारखं वाजवत न्हाय. आत तबकडी लावलीय."

मी ते कर्ण्यावरून सांगितलं. थोड्या वेळानं पोलिसानं दार फोडलं. आत ग्रामोफोन फिरत होता, सॅक्सोफोन पेटीतच होता. सारं गोदाम क्लॅरिनेटवाल्याकडं वळून बघायला लागलं. तो मान खाली घालून हसत होता.

दुसऱ्या दिवसापासून अडलेला शब्द मी वर्गात लपवला नाही. पोरांबरोबर शब्दकोश उघडू लागले. क्लॅरिनेटवाल्यानं वर्षभर बंद असलेली पेटी उघडली आणि संध्याकाळी टँकरच्या रांगेत वाजवू लागला.

पाऊसपाण्याचं वर्ष आलं तेव्हा माझं लग्न ठरलं. वरातीत त्याच्या बँडनं गाणं मध्येच सोडलं, आणि एकेकजण पुढं येऊन मनचं वाजवू लागला. अणदूरचे माझे सासरे चालायचे थांबले. बँड बिघडला का, म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही मामंजी, सूर आत्ताच लागलाय."