आत्याच्या सहा हरकती

माझी आत्या एका सरकारी कार्यालयासमोर झेरॉक्सचं दुकान चालवते. दुकान कसलं, जिन्याखालचा कोपरा. यंत्र, काउंटर आणि आत्या एवढं आत मावलं की गिऱ्हाइकाला फुटपाथवरच उभं राहावं लागतं. आतोबा गेल्यापासून, म्हणजे सव्वीस वर्षं, ती लोकांचे दाखले, करार, निकाल काचेवर पालथे घालतेय, आणि पालथा घालण्याआधी प्रत्येक कागद वाचतेय. हे तिचं एकुलतं एक व्यसन. कुणाचा घटस्फोट कुठवर आलाय, कुणी वय चार वर्षांनी कमी सांगितलंय, सगळं तिला ठाऊक. त्यातलं अक्षरही ती बाहेर काढत नाही. "कागद त्यांचे, मतं माझी," असं म्हणते. मतं मात्र प्रत्येक प्रतीसोबत फुकट मिळतात.

"हुशार फोन म्हणे! हुशार असता तर तुमच्या हाती लागला असता का?" हे एका वकिलाला. एकाच वर्षात तिसऱ्यांदा जन्मदाखल्याची प्रत काढणाऱ्या आजोबांना म्हणाली, "सरकार वाईट नाही हो, विसराळू आहे. तुम्ही जन्मला होतात हे त्याच्या लक्षातच राहत नाही." आणि चंद्रावर वस्ती होणार अशी बातमी आली तेव्हा म्हणाली, "हवा नाही, पाणी नाही, ते एक वेळ वरून पाठवतील. पण शेजारी नाहीत. मग माणसं बोलणार कुणाविषयी?"

"वरून नाही आत्या, खालून पाठवतील," मी म्हणाले.

"तेच ते," आत्या म्हणाली. चूक दाखवलेली तिला ऐकूच येत नाही.

गेल्या वर्षी समोरच्या कार्यालयात तिसऱ्या मजल्यावर अवकाश प्रवासाचा नवा विभाग उघडला. तिथे आवक-जावक सांभाळायला आत्याच्या धाकट्या दिराची बदली झाली. आत्या त्याला भाऊजी म्हणते, म्हणून आम्हीही. भाऊजी सरळ मनाचा, घाबरट माणूस. साहेबांचा फोन आला तर खुर्चीतून उठून बोलतो. एके दिवशी तो बासष्ट पानांचा गठ्ठा घेऊन आला. "वहिनी, आमचं यंत्र बंद पडलंय. चाळीस प्रती हव्यात, संध्याकाळपर्यंत."

अवकाश प्रवासाच्या परवान्याच्या नियमांचा मसुदा होता तो. भाऊजी गेला आणि आत्याने पान एक वाचायला घेतलं. अकराव्या पानावर तिने यंत्र थांबवलं. चौदाव्यावर चष्मा पुसला. मी कॉलेजातून येताना दुकानात डोकावले, तर ती एकटीच हसत होती.

"हे बघ," तिने मला कागद दिला. "वरचा मुक्काम वाढवायचा असेल तर गेल्या तीन महिन्यांतला राहत्या जागेचा दाखला जोडायचा. आता हा प्राणी सहा महिने वर लटकलाय. तो दाखला आणणार कुठून? आणि तिथला पत्ता काय लिहायचा, ढगांच्या मागे?"

पुढचा नियम आणखी भारी होता. परतल्यापासून चोवीस तासांच्या आत प्रवाशाने कार्यालयात समक्ष येऊन नोंद करायची.

"टीव्हीवर बघितलं ना आपण? त्यांना खुर्चीत बसवून उचलून नेतात. पाय टेकत नाहीत बिचाऱ्यांचे. आणि यांचं कार्यालय तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद!"

शेवटच्या पानावर लिहिलं होतं की नागरिकांनी हरकती व सूचना तीस दिवसांत लेखी पाठवाव्यात. संध्याकाळी भाऊजी प्रती न्यायला आला तेव्हा आत्याने त्या ओळीवर बोट ठेवलं.

"ते तसं छापायचं असतं, वहिनी," भाऊजी म्हणाला. "कुणी पाठवत नसतं."

इथेच त्याचं चुकलं. तो काही बोलला नसता तर आत्या दोन दिवसांत विसरली असती. तिने त्याच आठवड्यात सहा हरकती लिहून काढल्या. वाया गेलेल्या प्रतींच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, कारण चांगला कागद सरकारवर खर्च करायचा नाही हे तिचं जुनं धोरण. सहावी हरकत अशी होती: घरी न सांगता वर जाऊ पाहणाऱ्यास परवाना देऊ नये, आधी घरच्यांची सही आणावी.

"सहावी तरी काढा!" भाऊजी हात जोडून म्हणाला. आवकच्या खिडकीत तोच बसलेला. "माझं आडनाव तेच तुमचं आडनाव. साहेब लोक काय म्हणतील?"

"पोच दे," आत्या म्हणाली. भाऊजीने कपाळाला हात लावला आणि दुसऱ्या हाताने शिक्का मारला.

पुढे जे झालं त्याची कल्पना आत्यालाही नव्हती. ज्या कागदांच्या मागे तिने लिहिलं होतं, त्यातल्या एकाच्या पुढच्या बाजूला एका शाळेच्या मुख्याध्यापिकेची तक्रार होती: शाळेचा नळ दोन वर्षं गळतोय. विभागात कुणीतरी दोन्ही बाजू मनापासून वाचल्या आणि नळ ही सातवी हरकत म्हणून नोंदवली. तिचा अवकाशाशी संबंध लागेना, म्हणून ती 'तातडीचे' असा शेरा मारून पाणी खात्याकडे पाठवली. अवकाश विभागाचं पत्र बघून पाणी खातं हादरलं. तिसऱ्या दिवशी नळ दुरुस्त.

मुख्याध्यापिका आनंदाने सांगायला आल्या तेव्हा आत्याचा चेहरा पडला. "सव्वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या दुकानातून कागद फुटला," ती मला म्हणाली, आणि त्या दिवशी तिने एकाही गिऱ्हाइकाला मत दिलं नाही.

मग सुनावणीचं पत्र आलं. मंगळवारी अकराला दुकान बंद करून आम्ही दोघी तीन जिने चढून गेलो. सभागृहात ऐंशी खुर्च्या मांडलेल्या, आणि हरकत घेणारी नागरिक एकटी आत्या. समोर विभागप्रमुख बाई, दोन अधिकारी, आणि तज्ज्ञ म्हणून बोलावलेल्या एक अंतराळवीर बाई, पाच महिने वर राहून आलेल्या. कोपऱ्यात भाऊजी इतिवृत्त लिहायला, मान वहीत घालून.

विभागप्रमुखांनी घसा साफ केला. "आपण या क्षेत्रातल्या जाणकार आहात का?"

"मी झेरॉक्स काढते."

"मग अवकाश प्रवासाशी आपला संबंध?"

"माझा अर्जांशी संबंध आहे, मॅडम," आत्या म्हणाली. "माणूस चंद्रावर जावो नाहीतर मावशीकडे, फॉर्म चुकीचा असला की तो माझ्या काउंटरवर येऊन रडतो. मला फक्त रडणारी माणसं कमी करायची आहेत."

एक अधिकारी चोवीस तासांच्या नियमाचं समर्थन करू लागला. शिस्त हवी, नोंद वेळेवर हवी वगैरे. तेवढ्यात अंतराळवीर बाईंना हसू फुटलं.

"मी उतरले तेव्हा दोन दिवस मला माझीच मान पेलवत नव्हती," त्या म्हणाल्या. "तीन जिने? आज चढतानाही मधे थांबले. आणि ओळख पटवायला ताजा फोटो मागितलाय ना, तर वर चेहरा सुजून भोपळ्यासारखा होतो. माझ्या आईने पहिल्या व्हिडिओ कॉलवर विचारलं, ही कोण?"

विभागप्रमुखांनी पेन उघडलं. दाखल्याची अट गेली. चोवीस तासांचे तीस दिवस झाले, तेही घरच्या कुणाला पाठवून चालेल असे. सहावी हरकत मात्र विभागप्रमुखांनी दोनदा वाचली. मग अंतराळवीर बाई हळूच म्हणाल्या, "मी नवऱ्याला निवड झाल्यावर सांगितलं होतं. आधी नाही."

"आणि?" आत्याने विचारलं.

"अजून ऐकवतो."

सहावी फेटाळण्यात आली. "बहुमताने," असं भाऊजीने लिहिलं. नंतर विचारलं तर म्हणाला, त्याला दुसरा शब्द सुचेना.

नियम छापून आले. आत्याने प्रत मागवली, बासष्ट पानं पुन्हा वाचली आणि तीन शुद्धलेखनाच्या चुका काढून पाठवल्या. आता भाऊजी पोच न मागता देतो.

एवढ्यावर प्रकरण मिटलं असतं, पण त्या अंतराळवीर बाईंचं कार्यालयात येणं-जाणं वाढलं आणि त्या दर वेळी काउंटरपाशी थांबू लागल्या. कागद नसला तरी. भाज्या कशा पिकवाव्यात, रस्ते कसे बांधावेत, कोण निवडून येणार, सगळ्यावर त्यांची मतं. गिऱ्हाइकं आत्याकडे पाठ फिरवून त्यांचंच ऐकतात.

"पाच महिने वरून बघितलं म्हणजे खालचं सगळं कळतं असं वाटतं तिला," आत्या माझ्याकडे कुरकुरते. "काल मला यंत्र कसं पुसायचं ते शिकवत होती."

"मग सांग ना तिला येऊ नकोस म्हणून."

आत्याने माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी दुकान बंद करायला सांगितलंय. "येऊ नको कसं म्हणू? रस्त्यांवरचा वाद अर्धवट राहिलाय आमचा, तो उद्या पुरा करायचाय," ती म्हणाली आणि काचेवरची धूळ फुंकून पुढच्या माणसाचा कागद हातात घेतला.