अप्पांची मराठी

शेजाऱ्यांच्या फोनवर धाकट्या भावाचा, सुधाकरचा आवाज आला, "अक्का, अप्पा गेले गं." मी करमाडच्या घरी मिरच्या वाळत घालत होते. आधी उरलेल्या मिरच्या पसरल्या, मग रडले. बाप गेल्यावर रडायचं असतं म्हणून रडले, खोटं कशाला सांगू?

अप्पा औरंगपुऱ्यातल्या शाळेत गणिताचे मास्तर. घरात बोलणं मराठी, पण शिक्षण सगळं निजामाच्या काळातलं, उर्दूत. पोलीस ॲक्शननंतर हुकूम आला, की मराठीतून शिकवा, परीक्षा द्या, नाहीतर घरी बसा. अप्पांना गणित तोंडपाठ, पण गणितातला मराठी शब्द एक येत नाही. मी चौथीत होते, वर्गात पहिली. रोज संध्याकाळी ते माझ्यासमोर मांडी घालून बसत. "जरब म्हणजे गुणाकार," मी सांगायची. दुसऱ्या दिवशी तेच विचारायची, चार दिवसांनी पुन्हा. ते चुकले की स्वतःच पट्टी माझ्या हातात देऊन तळवा पुढं करत.

"मार. लागल्याबिगर ध्यानात राहत नाय."

मी हळू मारली, तर पट्टी हिसकून माझ्याच हातावर ओढली. "असं मारायचं. समजलं?" समजलं. मग मी जोरात मारू लागले... आणि अप्पांना शाळेची मराठी येऊ लागली.

ते पास झाले. पेढे वाटले. मी पाचवीच्या पुस्तकांचं विचारलं, तर म्हणाले, "पोरीचं शिक्षण झालं आता." रडून, उपाशी राहून पाहिलं. दगडाला पाझर फुटेल, अप्पांना नाही. पुढं याच माणसानं लोकांच्या मुली मॅट्रिकपर्यंत शिकवल्या. दहाव्याला त्या येऊन डोळे पुसत होत्या. मला त्यांचा राग आला.

ते जायच्या आधीच्या दिवाळीत सुधाकरच्या पडेगावच्या घरी, ते अंथरुणाला खिळल्यावर, मी शेवटी विचारलंच, "अप्पा, माझी शाळा का सोडवली?"

ते खरंच चकित झाले. "तुला समदं येत व्हतं की! मला शिकवलंस तू. आजून काय शिकायचं व्हतं?"

आयुष्यात त्यांनी माझं एवढंच कौतुक केलं.

आता लसूण सोलताना ते शब्द आपोआप ओठावर येतात. जमा म्हणजे बेरीज. तफरीक म्हणजे वजाबाकी. जरब म्हणजे गुणाकार. तकसीम म्हणजे भागाकार... एकही चुकत नाही. नातीच्या पाचवीच्या पुस्तकात त्याच्या पुढचं गणित आहे. ती समजावून सांगते, मी मान हलवते. मला काही कळत नाही.