फ्रिगेट म्हणजे केवढी?

वैजापूर तालुक्यात विहिरी आटल्या होत्या, गावाला टँकर चालू होता, त्या वर्षी माझी बदली नौदलाच्या नव्या युद्धनौकेवर, फ्रिगेटवर झाली. मी पेटी ऑफिसर, इंजिन रूमचा माणूस. आधीची सात वर्षं जुन्या फ्रिगेटवर काढलेली. हुद्दा तोच, काम तेच, जहाजाचा वर्गही तोच. म्हटलं, यात नवीन काय शिकायचं?

हे आता निघालं ते पुतणीमुळे. केतकी इथे शहरात कॉम्प्युटर गेम बनवते. तिच्या नव्या खेळात अंतराळात लढाया आहेत. तिने मला यानांचा तक्ता दाखवला. फ्रिगेट लहान, डिस्ट्रॉयर तिच्याहून मोठी, क्रूझर त्याहून मोठी.

"काका, बरोबर आहे ना?"

"तुमची यानं दुसऱ्या महायुद्धातच अडकलीत," मी म्हणालो. शिडांच्या काळात फ्रिगेट म्हणजे वेगवान, एकटीने लांब जाणारी. डिस्ट्रॉयर निघाली ती टॉर्पेडो बोटी मारायला, तीही एवढीशी. महायुद्धात काफिल्यांची राखण करणाऱ्या लहान जहाजांना फ्रिगेट म्हणू लागले. विज्ञानकथावाल्यांनी ती उतरंड उचलून आकाशात नेली. समुद्रावर मात्र जहाजं वाढत गेली. आजची फ्रिगेट तेव्हाच्या डिस्ट्रॉयरपेक्षा मोठी असते.

"नावावरून जहाजाचा अंदाज बांधू नये," मी म्हणालो. "माझ्या हातून एक माणूस गेला त्यात."

केतकीने लॅपटॉप मिटला. मग मी तिला सगळं सांगितलं.

दत्तू लासूर स्टेशनचा, लीडिंग मेकॅनिक. माझ्याबरोबरच जुन्या जहाजावरून आलेला. पहिल्याच दिवशी म्हणाला, "दादा, ह्यात आपली जुनी दोन बसतील. लई चालावं लागंल."

अकराव्या दिवशी, सकाळी दहा चाळीसला, इंजिन रूममध्ये इंधनाची नळी फुटली. स्फोटाने माझ्या पायाखालचं लोखंड हादरलं. शिडीवरून माणसं वर आली. एकाच्या हातांची कातडी मोज्यासारखी लोंबत होती. दुसऱ्याचे केस जळत होते, ते मी तळहाताने विझवले. मी वर हॅचपाशी, इंजिन रूमच्या लोखंडी झाकणापाशी होतो. इंटरकॉमवर अधिकाऱ्याचा आवाज आला.

"इंजिन रूम क्लिअर?"

खाली उतरणारा प्रत्येक जण आपला बिल्ला वरच्या फळीवर लावतो; तो वर आला की बिल्ला काढला जातो. बिल्ले बघून 'क्लिअर' म्हणायचं, हा नियम. जुन्या जहाजावर आम्ही फळी बघत नसू. नुसती हाक मारायची. तिथे ती कोपऱ्याकोपऱ्यात पोचायची, आणि माझा आवाज शिवार ओलांडणारा. मी वाकून हाक मारली. उत्तर नाही.

"क्लिअर, सर."

"हॅच बंद. ड्रेंच."

मी हॅच लावलं, ड्रेंचचं हँडल ओढलं. कार्बन डायऑक्साइड आत सुटला. त्याने आग गुदमरते, माणूसही गुदमरतो. मग आतून हॅचवर पान्याचे ठोके आले. तीन. फळीवर एक बिल्ला लटकत होता, दत्तूचा. मी हाक मारली तेव्हा तो दोन मजले खाली, जनरेटरमागे होता; तिथे ती पोचलीच नव्हती.

"सर, आत माणूस आहे!"

"हॅच उघडायचं नाही. बाजूला दारूगोळा आहे."

मी हॅच धरून उभा राहिलो. ठोके थांबले.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझी दुसऱ्याच्या मरणाने गेली. चौकशीत मी फळीचं खरं सांगितलं, शिक्षाही भोगली. दत्तूच्या बायकोला मात्र सांगितलं, स्फोटात जागच्या जागी गेला.

केतकीने एकच विचारलं, "त्यांना अजून तेच वाटतं?"

त्या रविवारी मी लासूरला गेलो. दत्तूच्या बायकोने, सुनंदावहिनींनी, चहा ठेवला. मी उभ्यानेच सांगून टाकलं.

"ठोकत व्हते, म्हंजी जित्ते व्हते?"

"व्हय."

"मला जागच्या जागी म्हणला व्हता तुम्ही."

"खोटं बोललो, वहिनी."

चहा उतू गेला, कुणी उठलं नाही. मग वहिनी म्हणाल्या, "त्येंच्या वरसाला येता, तसं येत जा. पर आता पोरांना खरं सांगा. तुमच्याच तोंडानं."

यंदाच्या वर्षश्राद्धाला सांगितलं. दोन्ही मुलं समोर बसली होती. थोरला आता बापाहून वयाने मोठा आहे. मी म्हणालो, तुमचा बाप दत्तात्रय, वय सव्वीस, आपल्या जागेवर काम करत होता. त्याला आगीने नाही मारलं. मी मारलं.