मी वाचून दाखवलेला जबाब

हे घरात कुणालाच ठाऊक नाही. बायको गेली, तिलाही ठाऊक नव्हतं. आज तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका. मलाच नीट कळलेलं नाही.

भिवंडीत पोलिसांत तीस वर्षं काढली, हवालदार म्हणून निवृत्त झालो. हात उगारला — बऱ्याचदा. लूम कामगारांना नुसत्या संशयावरून फटकावलं. ते सगळं मित्रांत बसून सांगितलंयही, हसत हसत. पण हे नाही. यात मी कुणाला बोटसुद्धा लावलं नव्हतं — नाही, तेही खोटं. लावलं होतं.

राहनाळच्या एका गोदामात माल रचायचा लोखंडी रॅक कोसळला. लहानू नावाचा कातकरी हमाल त्याखाली चिरडून मेला. दुसऱ्या दिवशी त्याची बायको, जानकी, जबाब द्यायला चौकीत आली. अंबाडीकडच्या पाड्यावरची. खुर्चीवर बसेना, भिंतीला टेकून उभी. माझं गाव पडघ्याजवळ, म्हणून मी तिच्याशी गावच्या बोलीत बोललो. ती एकदम सैल झाली. "सायेब आपल्याकडचंच हाय," म्हणाली.

मग तिनं सांगितलं. लहानू दारूला शिवत नव्हता. रॅक चार दिवसांपासून वाकला होता. त्यानं मुकादमाला सांगितलंही होतं. मुकादम म्हणाला, करायचं तर कर, नाहीतर घरी जा.

पण चौकीच्या साहेबांनी मला सकाळीच बोलावलं होतं. म्हणाले, गोदाममालक आपला माणूस आहे, मजूर प्यायलेला होता असं दिसतंय — नाही का? मी म्हणालो, होय साहेब. एवढंच. धमकी नाही, आमिष नाही. मला नाही म्हणवलं नाही.

मी लिहिलं — नवऱ्याला दारूचं व्यसन होतं. त्या दिवशीही तो प्यायलेला होता. स्वतःच्या चुकीनं रॅकवर चढला. माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही.

आणि ती म्हणाली, "वाचून दाखवा ना सायेब. बराबर लिवलाय का?"

कसं सांगू तुम्हाला? मी कागद धरला, ओळींवरून बोट फिरवलं, आणि तिनं जे सांगितलं होतं तेच मोठ्यानं म्हटलं. तिच्याच बोलीत. वाकलेला रॅक, मुकादम — सगळं. दारूला शिवत नव्हता, इथे ती रडली. "हां, असाच झाला," म्हणत मान हलवत राहिली. शाई लावलेला अंगठा तिनं कागदावर टेकवला, पण ठसा नीट उमटेना. तेव्हा मी तो माझ्या हातानं धरून दाबला.

लहानू स्वतःच्या चुकीनं मेला, असं ठरलं. प्रकरण मिटलं. जानकी वीटभट्टीवर कामाला लागली, असं कानावर आलं. मी चौकशी केली नाही.

काही वर्षांनी अंबाडीच्या बाजारात तिनंच मला ओळखलं. भर दुपारी, माणसांच्या गर्दीत. टोपलीत विकायला रानातली करटोली होती, शेजारी तरणी मुलगी. मी वळून निघून जाऊ शकलो असतो. का गेलो नाही?

"तुज्या बापाचा खरा खरा लिवला, तो ह्योच सायेब," जानकी मुलीला म्हणाली. "पाया पड."

मुलगी वाकली.

मी पाय मागे घेतले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, सुखी राहा.