मास्तरांच्या घरचं गाठोडं

गेवराईत असा एकही माणूस उरला नसेल, ज्याची बाही आमच्या गल्लीतल्या चाचांनी भर रस्त्यात धरलेली नाही. चाचांचा धंदा रफूचा. दुकान एवढंसं, की ते आत बसले की पाय रस्त्यावर येतात. पण नजर मात्र अख्ख्या तालुक्यावर. कापडाला पडलेलं भोक त्यांना नुसतं दिसत नाही, टोचतं. बँकेत पासबुक भरायला गेले तर काउंटरच्या फटीतून हात घालून साहेबाची कॉलर पकडतात आणि म्हणतात, "उसवली हाय. काढून द्या, तवर माझं पासबुक भरा." एकदा त्यांनी आख्खी वरात थांबवली होती. घोड्यावरच्या नवरदेवाची शेरवानी काखेत उसवलेली त्यांना खालून दिसली. बँड थांबला, घोडा थांबला, नवरदेवाचा बाप तणतणत पुढे आला. चाचांनी त्याच्याच हातात दोऱ्याचं रीळ दिलं आणि चार टाके घातले. "वरात धा मिनिटं थांबली तर काय बिघडतंय? फोटो जन्मभर ऱ्हातो," म्हणाले. बाप शेवटपर्यंत रीळ धरून उभा होता.

कुठं काही संकट आलं की मात्र चाचांच्या अंगात येतं. तरुणपणी लातूरकडं भूकंप झाला तेव्हा लोक तांदूळ, पीठ, चादरी घेऊन निघाले. हे गृहस्थ सुयांचा डबा आणि पिशवीभर गुंड्या घेऊन निघाले. लोक हसले. "भाकरी देणारे लई असत्यात. गुंडी लावून देणारं कुणी न्हाई," हे त्यांचं उत्तर. तिथं म्हणे महिनाभर एका तंबूबाहेर बसून आलेल्या कपड्यांना गुंड्या लावत होते. परत आले तेव्हा स्वतःच्या सदऱ्याला एक गुंडी नव्हती. हे ते स्वतःच सांगतात, तेव्हा थोडं कमीजास्त धरून चालावं.

दोन वर्षांपूर्वी गोदावरीचं पाणी काठच्या गावांत शिरलं आणि तिथली माणसं ट्रॅक्टरमध्ये बसून आमच्या शाळेत आली. वर्गावर्गांत बिऱ्हाडं लागली. मी त्या शाळेत मास्तर, म्हणून व्यवस्था माझ्याकडे. आणि चाचांना कुणी बोलावलं नव्हतं, म्हणून ते सगळ्यांच्या आधी हजर. गावानं कपडे द्यायला सुरुवात केली. काय काय आलं म्हणून सांगू? एका पायाचा पायजमा आला, आठ टाय आले, कुणाचा तरी पदवी घेतानाचा काळा झगा आला. चाचा शाळेच्या दारात सतरंजी टाकून बसले. येणाऱ्याचं गाठोडं त्याच्यासमोरच सोडायचे, एकेक कापड उजेडात धरायचे आणि शांतपणे विचारायचे, "ह्ये घालून तुमी सासुरवाडीला जाताल का?" माणूस गप्प झाला की गाठोडं बांधून परत त्याच्या हातात. एका पुढाऱ्यानं बॅनर लावलेला टेम्पो भरून पाठवला. चाचांनी अर्धा टेम्पो वापस केला, बॅनर तेवढा ठेवून घेतला. "ह्येचा कपडा लई चांगला हाय, पाणी गळत न्हाई," म्हणाले. मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "चाचा, लोक नाराज होतायत. गरजूंना काय, काहीही चालतं." तर माझ्याकडे बघत राहिले. "मास्तर, त्यांचं घर वाहून गेलंय. लाज न्हाई वाहून गेली."

हे वाक्य मी त्या दिवशी स्टाफरूममध्ये तीन जणांना ऐकवलं. आणि संध्याकाळी घरी जाऊन काय केलं, ते आता सांगतो. सांगताना आजही कान गरम होतात.

बायकोनं ट्रंक उपसली होती. तळाशी तिची एक वांगी रंगाची रेशमी साडी निघाली. बहिणीच्या लग्नात एकदा नेसली आणि अठरा वर्षं त्याच घडीत पडून होती. तिनं एक पदर उजेडात धरला आणि म्हणाली, "घडीवर विरलीय हो ही. नेसली की फाटणार. बोहारीण आली की देऊन टाकते." मी म्हटलं, "घडी मोडू नकोस. वरून नवीकोरी दिसते. गाठोड्यात सगळ्यात वर ठेव, शोभेल." "अन् नेसली कुणी तर?" "शाळेत येऊन राहिलेली बाई रेशमी साडी कशाला नेसेल?" असं मी बोललो. पंचवीस वर्षं पोरांना मूल्यशिक्षण शिकवलेला माणूस, मी बोललो. बायकोनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि साडी वर ठेवली.

दुसऱ्या दिवशी गाठोडं घेऊन गेलो तेव्हा दारात चांगली दहा-बारा माणसं होती. चाचांनी गाठ सोडली, वरची साडी दिसली, आणि त्यांनी गाठ पुन्हा बांधली. मागं कुणीतरी कुरकुरलं, "मास्तरांचं कावून उघडून बघत न्हाई?" चाचा म्हणाले, "मास्तरांच्या घरचं हाय. त्येला काय बघायचं?" सगळ्या गेवराईत त्यांनी न तपासलेलं ते एकच गाठोडं. मी मान हलवली आणि आत जाऊन हजेरी घेत बसलो.

सातवीच्या वर्गात गयाबाई नावाची बाई राहत होती. तिच्या लेकीची सुपारी पुराआधीच फुटली होती, लग्न दिवाळीनंतर होतं. आता ना घर, ना दार. अशात पाटोद्याहून नवऱ्या मुलाच्या आईबापाचा निरोप आला, भेटायला येतो. नुसतं भेटायला कुणी पाटोद्याहून येत नाही, हे शाळेतल्या प्रत्येकाला कळलं. सोयरीक राहते की मोडते, एवढाच प्रश्न होता. गयाबाई रडकुंडीला आली. अंगावरच्या लुगड्यानिशी निघालेली ती बाई, त्या लुगड्याचा चिखल धुऊनही जात नव्हता. चाचा उठले, आत गेले आणि ती वांगी साडी घेऊन आले. "ही नेसा. मास्तरांच्या घरची हाय, डोळे झाकून नेसा."

मी तिथंच उभा होतो. एक शब्द बोलायचा होता फक्त. मनात म्हटलं, नीट बसून राहिली तर काही होणार नाही.

पाहुणे आले. गयाबाई बाहेर आली आणि खरं सांगतो, त्या साडीत ती शोभत होती. मी धावत जाऊन तिला खुर्ची दिली. "बसा मावशी, उठू नका." चहा आला तसा ट्रे मीच घेतला. तिनं पाण्याचा तांब्या उचलला, मी तो काढून घेतला. पाहुणे माझ्याकडे कौतुकानं बघत होते. एवढे मोठे मास्तर आणि स्वतः चहा वाटतायत. मला घाम फुटला होता. पण विहीणबाई समोर आल्यावर खुर्चीत बसून राहील, अशी बाई आमच्याकडं जन्माला यायची आहे. गयाबाई उठली आणि पाया पडायला वाकली.

आवाज सगळ्यांनी ऐकला. साडी कमरेपासून खाली फाटली, आणि सावरायला तिनं हात लावला तिथं दुसऱ्या घडीवर फाटली. मग तिसऱ्या. लेक तोंड झाकून भिंतीकडे वळली. चाचा कधी आले कळलं नाही, पण त्यांच्या खांद्यावरचा मोठा रुमाल गयाबाईच्या भोवती होता. पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "कसूर माझा हाय. कपडा तपासायचं काम माझं. मी उघडून पाह्यली न्हाई." मुलाच्या बापानं विचारलं, "असली साडी दिली तरी कुणी?" चाचा नुसते उभे राहिले. चांगला वेळ गेला. मग मी तोंड उघडलं. मी म्हणालो, "चहा गार होतोय."

मुलाची आई भली. ती उठली, गयाबाईच्या पाठीवर हात ठेवून तिला वर्गात घेऊन गेली. जाताना म्हणाली, "मी तुमाला आहेर घेऊनच आलते. आधीच द्यायला पायजे हुता, माजंच चुकलं." सोयरीक टिकली. दिवाळीनंतर लग्न झालं. मला पत्रिका आली, मी गेलो नाही.

त्यानंतर चाचांच्या दुकानावरून जायचं मी टाळलं. बाजारात जायला मागची गल्ली धरली. शर्ट उसवला तर घरात टाकून दिला. या वर्षी कळलं की त्यांना नीट दिसत नाही, सुईत दोरा ओवता येत नाही. मग मात्र गेलो. रोज शाळा सुटली की जायचं, दहा-बारा सुया ओवून ठेवायच्या, इकडचं तिकडचं बोलायचं आणि यायचं. असा महिना गेला. परवा जीभ रेटून बोललो. "चाचा, ती साडी विरलेली होती, हे मला ठाऊक होतं."

"मालूम हाय."

"कधीपासून?"

"साडी फाटली तवापासून. तुमी ट्रे हातात का घेतला, ते तवा कळलं. मास्तर अन् चहा वाटनार?" ते हसले. मला हसता येईना.

"मग त्या पाहुण्यांपुढं माझं नाव का घेतलं नाही?"

चाचांनी हातातलं कापड डोळ्यांजवळ नेलं, बोटानं चाचपलं, पुन्हा मांडीवर ठेवलं. "मला वाटलं, तुमी बोलताल. म्हणून तर हुभा होतो मास्तर. लई येळ थांबलतो."