बिनउसाचं पेट्रोल

तिसऱ्या पंपावरच्या बाईंनीही नाहीच म्हटलं. "बिनइथेनॉलचं? नाही हो काका, आता सगळीकडे हेच येतं." मागच्या मोटारसायकलवाल्यानं हॉर्न वाजवला, तशी मी गाडी बाजूला घेतली.

गाडी जुनी, मुलगी शाळेत जायची तेव्हाची. मेकॅनिक म्हणतो, पेट्रोलात उसापासून केलेलं इथेनॉल असतं, ते हिच्या रबरी नळ्यांना मानवत नाही. त्या गळायला लागल्यात, बिनमिसळलेलं कुठं मिळतं का बघा. म्हणून सकाळपासून बघतोय. आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, नजर जाईल तिथवर, ऊसच उभा आहे.

बायकोनं थर्मासमधून बिनसाखरेचा चहा ओतला. "म्हणजे आता हिलाही साखर बाधायला लागली म्हणायची," ती म्हणाली.

हसू आलं, पण पुरतं आलं नाही. आपण बदललो की बाहेरचं बदललं, याचा वाद घालायचाही हल्ली कंटाळा येतो. मिळेल ते पोटात घालायचं आणि कुठं गळत तर नाही ना, एवढं बघत राहायचं.

चहा संपला तेव्हा लक्षात आलं, शोधता शोधता काटा तळाला टेकलाय. पुढच्या पंपावर विचारायला जायचं तरी पेट्रोल हवंच. गाडी वळवून पुन्हा त्याच बाईंसमोर उभी केली. त्यांनी नळी टाकीत घातली आणि सगळ्यांना म्हणतात तसंच मलाही म्हणाल्या, "झिरो बघा, काका."

मी निमूटपणे झिरो बघितला.