शुद्ध शिकवण आणि गुळवणी

दानाची पिशवी सतरंजीवर उलटी केली, तर नाण्यांबरोबर शुगरच्या गोळ्यांच्या स्ट्रिप बाहेर पडल्या.

"या कुणाच्या?" मी विचारलं.

"माझ्या," सालोमी मावशी म्हणाल्या. "देवाला दिल्या. आता मला नगं."

मी दौंडच्या एका लहान मंडळीचा पाळक. मंडळी म्हणजे आमच्या चर्चमधली माणसं, आणि पाळक म्हणजे त्यांचा पास्टर. दर बुधवारी मोटारसायकलवर वडगाव रासाईला जातो. तिथे मावशींच्या पडवीत प्रार्थनासभा असते. कळप राखणं हे पाळकाचं काम, आणि खोटी शिकवण म्हणजे लांडगा, असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवतात. लांडगा इस्त्रीचा शर्ट घालून येईल आणि आपल्यापेक्षा चांगलं गाईल, हे मात्र शिकवत नाहीत.

आमच्या लांडग्याचं नाव ब्रदर शमुवेल. आदल्या बुधवारी मी शिरूरला एका लग्नात होतो, तेव्हा पाहुणे उपदेशक म्हणून त्यांनी सभा घेतली. गोळी घेणं म्हणजे देवावर अविश्वास, असं सांगून गेले. मावशींनी ते मनावर घेतलं. मी लग्नात श्रीखंड खात होतो. याची टोचणी मला अजून आहे.

हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. शुगरपायी मावशींच्या पायाचं एक बोट आधीच कापावं लागलं होतं. आता गोळ्या सोडल्या तर पाऊल जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

मी स्ट्रिप खिशात ठेवल्या आणि वरिष्ठांना फोन लावला.

"वाद नको," ते म्हणाले. "पाहुणा आहे. लोकांना आवडतो. प्रेमाने समजावा."

"साहेब, मावशींचा पाय जाईल."

"मग प्रेमानेच, पण लवकर समजावा."

शिकवण तपासायची आमची एक रीत आहे. उपदेशक बायबलमधल्या ज्या वचनाचा आधार देतो, त्याच्या मागचं-पुढचं वाचायचं. संदर्भ सोडून ओढून आणलेलं वचन लगेच उघडं पडतं. मी ते सगळं मावशींपुढे मांडलं. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता, हेही सांगितलं.

"आसंल की," मावशी म्हणाल्या. "पर ब्रदर लई गोड सांगत्यात. तुम्ही सांगताना झोप येती."

शेजारचे आप्पा मान हलवत होते. आप्पा आमच्या धर्माचे नाहीत, चहासाठी येतात. "झोप येती, हे मातर खरं हाय," ते म्हणाले.

पुढच्या बुधवारी ब्रदर पुन्हा आले. मी रात्रंदिवस तयारी केली होती. मुद्दे होते, उपमुद्दे होते. पण ब्रदरनीच पहिलं गाणं घेतलं, मग साक्ष, म्हणजे देवाचा स्वतःला आलेला अनुभव, मग उपदेश, आणि माझ्या वाट्याला शेवटची प्रार्थना आली. ती मी मुद्दाम लांबवली. उपमुद्दे त्यातच घातले. डोळे उघडले तर मावशी जागेवर नव्हत्या. स्वयंपाकघरात गेल्या होत्या.

आमच्याकडे सभेनंतर पाहुण्याला जेवू घालतात. त्या दिवशी पुरणपोळी होती. मावशींनी ब्रदरच्या ताटात दोन पोळ्या वाढल्या आणि वर गुळवणी ओतायला भांडं उचललं.

ब्रदरनी ताटावर हात आडवा धरला. "मावशी, एवढं नको. मला गोड चालत नाही."

"आसं कसं? पाहुण्यानं गोड खायाचंच आसतं."

"खरंच नको. डॉक्टरांनी…"

त्यांनी जीभ चावली.

"डाक्टरांनी?" मावशी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्या खरोखरच गोंधळल्या होत्या. "म्या तर सोडलाय की डाक्टर. तुमच्याच सांगण्यावरनं. आज म्या बी खानार हाय. विश्वासानं खाऊ दोघं."

आणि त्यांनी स्वतःच्या ताटात पोळी घेतली.

"खा की सायेब," आप्पा म्हणाले. "का विश्वास थोडा कमी पडतोय?"

इथे मला कबूल केलं पाहिजे. गुळवणीचं भांडं मीच ब्रदरकडे सरकवलं. मनातून फार आनंद झाला होता. पाळकाला होऊ नये तसला आनंद.

मावशींनी घास मोडला. ब्रदरनी त्यांच्या पायाकडे पाहिलं, नसलेल्या बोटाकडे. माणूस अगदीच दगड नव्हता.

"खाऊ नका, मावशी," ते हळूच म्हणाले. "मी सकाळीच गोळी घेऊन आलोय."

"म्हंजी सोता गोळी गिळून दुसऱ्याला सोडायला सांगताय व्हय!" आप्पा ओरडले.

मावशींनी घास ताटात ठेवला. माझ्यापुढे हात केला. "पाळकसायेब, आना माझ्या गोळ्या."

स्ट्रिप त्या बुधवारपासून माझ्या खिशातच होत्या. मग त्यांनी ब्रदरच्या ताटातली पोळी काढली, भाकरी आणि कटाची आमटी वाढली, आणि जेवून जायला बजावलं. ब्रदर खाली मान घालून जेवले. पुन्हा काही आले नाहीत.

मावशींचा पाय शाबूत आहे. पडवीत मात्र नवी रीत पडली: उपदेशक जे सांगेल, ते आधी त्याच्या ताटात वाढायचं. मुद्दे आणि उपमुद्दे यांपेक्षा ही परीक्षा कडक आहे, हे मला अनुभवानं कळलं. मागच्या बुधवारी मी उपासाचं महत्त्व सांगितलं. चांगला रंगलो होतो. आप्पासुद्धा जागे होते.

सभा संपल्यावर मी हात धुऊन बसलो. मावशींनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि समोर हात जोडून उभ्या राहिल्या.

"काय शिकवलं आज, पाळकसायेब! आक्षी पटलं. म्हणून तुमच्यासाठी कायबी रांधलं न्हाई."